पाचवा माणूस आला की दरोडा

चौघांनी मिळून एखाद्याला वाटेत धाक दाखवून लुटलं, तर कायद्याच्या लेखी ती जबरी चोरी. त्यांत पाचवा सामील झाला की त्याच कृत्याचा दरोडा होतो आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३९१ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१० झालं. कलमाचा आकडा बदलला, पाच मात्र पाचच राहिले. पण पाचच का? चार का नाहीत? हा प्रश्न वकिलाला फारसा सतावत नाही. ज्याला सतावतो, त्याने खुशाल समाजशास्त्राला प्रवेश घ्यावा आणि जोडीला गुन्हेशास्त्राचा पेपर निवडावा.

एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने या विषयाचा सगळा पसारा तीन गोष्टींत बसवला. कायदे होतात कसे, ते मोडले जातात कसे आणि मोडल्यावर समाज काय करतो. आपण बातम्यांत मधलीच गोष्ट वाचतो. तिन्ही एका जागी पाहायच्या, तर पनवेल तालुक्यातल्या शिरढोणसारखं गाव शोधून सापडणार नाही. मुंबई-गोवा महामार्गावरचं हे गाव. मागे कर्नाळ्याचा सुळका. वासुदेव बळवंत फडके इथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते.

आपल्या पाठ्यपुस्तकात फडके आद्य क्रांतिकारक आहेत आणि ते योग्यच. पण पुण्याच्या कोर्टात १८७९ साली त्यांच्यावर सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या कटाबरोबर दरोड्याचाही आरोप होता. आरोपी कोण, तर लष्कराच्या हिशेब खात्यातला कारकून, आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक, लहुजी वस्तादांच्या तालमीत घडलेला माणूस. असा माणूस धामारी गावात सावकाराच्या घरावर का चालून जातो?

त्याच काळात युरोपात या प्रश्नाचं एक तयार उत्तर छापून आलं होतं. १८७६ मध्ये इटलीतल्या चेझारे लोम्ब्रोझो या डॉक्टरने ‘गुन्हेगार माणूस’ नावाचं पुस्तक काढलं. गुन्हेगार जन्मावा लागतो, त्याच्या कवटीत, जबड्यात, कानात खुणा असतात, असा त्याचा दावा. साल लक्षात ठेवा, १८७६. त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस रुसला आणि १८७८ पर्यंत चाललेला दुष्काळ सुरू झाला. तिकडे एक माणूस मोजपट्टी घेऊन कवट्या मोजत होता, इकडे फडके गावोगाव फिरून उपाशी माणसं पाहत होते. इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्याच्या हिशेबावर आणून ठेवली होती. १८७७ मध्ये हेच टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. पुढे सरकारने फडक्यांना पकडण्यासाठी इनाम लावलं, तेव्हा फडक्यांनी उलट गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम जाहीर केलं!

भुकेचा आणि चोरीचा संबंध आकड्यांनी दाखवणारा माणूसही तोवर होऊन गेला होता. गेओर्ग फॉन मायर या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये बव्हेरियातले धान्याचे भाव आणि चोऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. भाव चढले की चोऱ्या चढत होत्या, उतरले की उतरत होत्या. कवटी बिचारी तीच होती. मला विचाराल तर लोम्ब्रोझोचा सिद्धान्त कोसळायला एवढा एक तक्ता पुरेसा होता. तरी तो पुढे कित्येक वर्षं टिकला.

पण सगळेच उपाशी लोक दरोडे घालत नाहीत. मग कोण घालतो? इथे फडक्यांच्या बंडातला दुसरा माणूस पुढे येतो, तो म्हणजे रामोशी. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या टोळीने शिरढोणजवळच्याच पळस्पे आणि चिखले गावांत लूट केली. घाटमाथ्याकडे परतताना इंग्रजांच्या मेजर डॅनियलने त्यांना गाठलं आणि दौलतराव मारले गेले. रामोशी हे खरं तर गावाचे, किल्ल्यांचे राखणदार. इंग्रजी अमलात त्यांच्या राखणीचे हक्क गेले, मानधन गेलं, आणि फडक्यांच्या कितीतरी आधी उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. उमाजींना पकडण्याच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने १८३३ मध्ये रामोशांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा उगम, रीतिरिवाज, बोली. आपल्या मुलुखातल्या एका जमातीचा हा सुरुवातीचा तपशीलवार अभ्यास, आणि तो लिहिणारा त्या जमातीचा पाठलाग करणारा अधिकारी! समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ‘अभ्यासक कुठे उभा आहे’ हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मी तरी पाहिलेलं नाही.

फडक्यांनी स्वतः लिहिलेलं तर त्याहून थक्क करणारं. बंड फसत चाललं तेव्हा ते श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले आणि तिथे त्यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलं. जोडीला रोजनिशी होती. २० जुलै १८७९ ला देवर नावदगीला ते पकडले गेले, आणि हेच कागद कोर्टात त्यांच्याविरुद्ध पुरावा झाले. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी त्यांची बाजू मांडायला उभे राहिले होते. गुन्हेशास्त्रात क्लिफर्ड शॉ याचं १९३० चं पुस्तक मैलाचा दगड मानलं जातं, कारण त्यात शिकागोतला एक लूटमार करणारा पोरगा स्वतःची हकिगत स्वतः सांगतो. आमच्याकडे हा ऐवज त्याआधी पन्नास वर्षं तयार होता, फक्त तो कोर्टाच्या दप्तरात पडला. या प्रकरणाचे कागद १९५७ मध्ये मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथात छापले.

त्या लिखाणात फडक्यांची एक तक्रार आहे. रामोशांचं लक्ष लुटीवर, स्वराज्यावर नाही. देशभक्त वाचक इथे मान डोलावतो. समाजशास्त्राचा विद्यार्थी थांबतो. कारण कारकुनाला बरीच वर्षं महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला होता आणि राखणदाराचं पोट पिढीजात हक्कावर होतं, तो हक्कच काढून घेतलेला. दोघांचा शत्रू एक, पण दोघांचं नुकसान वेगळं. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने १९५९ मध्ये ‘सामाजिक दरोडेखोर’ ही कल्पना मांडली. सरकारच्या लेखी गुन्हेगार, गावाच्या लेखी आपला माणूस. उमाजी त्यात बसतात. फडके अर्धेच बसतात, आणि ते अर्धेच बसतात म्हणून तर ते अभ्यासायला जास्त मजेचे.

हे शिकायला फार लांब जावं लागत नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, पुढे गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्यायव्यवस्था शिकवतात. तिच्याच ‘प्रयास’ प्रकल्पाचे कार्यकर्ते १९९० पासून तुरुंगातल्या कैद्यांबरोबर काम करत आले आहेत.

आणि सदरलँडची तिसरी गोष्ट, कायदा मोडल्यावर समाज काय करतो? फडक्यांना शिक्षा भोगायला एडनला पाठवलं. तिथे त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं, पळाले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला वारले. त्यांचा निकाल तिथे लागला. रामोशांचा लागला नाही. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ मध्ये आला होता, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. लोम्ब्रोझोने कवटीत शोधलेला गुन्हा इथे आईबापांच्या जातीत शोधला गेला. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीनिहाय कामवाटणी रद्द केली, विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या नियमांवर ताशेरे ओढले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. १८७१ ते २०२४, म्हणजे १५३ वर्षं. तो रकाना प्रत्यक्षात किती तुरुंगांतून गेला, हा एखाद्या पोराच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो. पळस्प्याच्या फाट्यावरून एसटीने कॉलेजला जाणाऱ्या एखाद्या पोरीने तो घेतला तर आणखीच बरं.