गाडी मोडा, पैसे संस्थेला द्या

पंधरा वर्षं वापरलेली गाडी एखाद्या प्राणिसंस्थेला देऊन टाकावी, असं नागपुरातल्या प्राणिप्रेमी माणसाच्या मनात आलं तर त्यात नवल नाही. अमेरिकेत ही पद्धत चांगली रुळली आहे. संस्थेच्या वतीने गाडी दारातून उचलली जाते, लिलावात विकली जाते आणि रक्कम संस्थेला मिळते. २००५ पासून तिथे ५०० डॉलरहून मोठी करवजावट हवी असेल, तर अशी गाडी विकून जे प्रत्यक्ष हाती आलं तेवढ्यावरच ती मिळते. म्हणजे तिथेही संस्थेला गाडीचा उपयोग पैशाच्या रूपानेच होतो. आपल्याकडे ही मधली व्यवस्था रुळलेली नाही. म्हणून ते काम देणाऱ्याने स्वतःच उरकावं, गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढावी आणि आलेले पैसे संस्थेला द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचं नंतर पाहू. आधी गाडीच्या पोटात काय असतं ते पाहायला हवं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गल्लीतली कुत्री उभ्या गाडीखालची सावली धरतात. वर्षानुवर्षं न हललेल्या गाडीचे रबरी पाइप तडकतात, रेडिएटर थेंबथेंब गळू लागतो. त्यातल्या कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते चवीला गोड. मांजराला त्याचे एखाददोन चमचेही पुरतात. पहिल्या काही तासांत जनावर झिंगल्यासारखं चालतं, मग जरा सावरल्यासारखं दिसतं. तोवर यकृतात त्या द्रव्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन कॅल्शियमबरोबर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचत असतात. कुत्र्याची लघवी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंद होते. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच लागू पडतो. १९५८ पासून चालत आलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय याच शहरात आहे, पण मधल्या त्या फसव्या सुधारणेमुळे जनावराला तिथे न्यायचं कुणाला सुचतच नाही. नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्या खात्याने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन मोडीचे नियम काढले. त्यांनुसार केंद्राने गाडी कापण्याआधी हे द्रव आणि बॅटरी काढून त्यांची रीतसर विल्हेवाट लावायची असते. तेव्हा गाडी गल्लीतून तिथे पोचली, की देणगीचा एक रुपयाही न देता त्या गल्लीतल्या जनावरांचं भलं झालेलं असतं.

यावर कोणी म्हणेल, कबाडी घरी येऊन रोख पैसे देतो, कधी केंद्रापेक्षा जास्तही देतो. देत असेल, पण आरटीओच्या नोंदीतून गाडी उतरत नाही. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे. केंद्र मात्र गाडी मोडीसाठी जमा झाल्याचा पुरावा म्हणून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतं. पैशाचं म्हणाल, तर सरकारच्या वाहन मोडीच्या धोरणात भंगाराची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली आहे. सहा लाखांच्या गाडीला हे २४ ते ३६ हजार होतात. नवी खासगी गाडी घेताना त्या सर्टिफिकेटवर नोंदणी शुल्क माफ होतं, रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. नवी गाडी घ्यायची नसेल, तर सर्टिफिकेट दुसऱ्याला विकता येतं आणि तेही पैसे देणगीत जाऊ शकतात. शिवाय आयकराच्या वजावटीला पैशाचीच देणगी धरली जाते, वस्तूची नाही. रोखीने दिली, तर दोन हजारांपर्यंतच.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की संस्थांना जखमी जनावरं आणायला गाडी लागतेच. हे खरं आहे आणि इथे मी अपवाद मानतो. १९८४ ते २०१९ पर्यंत निघालेल्या मारुती ओम्नीसारखी गाडी या कामाला फार सोयीची. सरकता दरवाजा अरुंद बोळातही पूर्ण उघडतो, मागची सीट काढली की सपाट जागेवर पिंजरा किंवा स्ट्रेचर आडवं सरकवता येतं. पण संस्थेकडे ड्रायव्हर, डिझेल-पेट्रोल आणि विमा यांची तजवीज आहे का, हे आधी विचारावं. ती नसेल तर गाडी संस्थेच्या आवारात गंजते आणि तिथल्याच जनावरांशेजारी गळते. तजवीज असेल आणि गाडी धडधाकट असेल, तर फॉर्म २९ आणि ३० भरून ती संस्थेच्या नावावर चढवावी, विमाही त्यांच्या नावावर करून घ्यावा आणि मगच किल्ली द्यावी.