तवंगातले रंग

लेखमाला : लहरींची भाषा – भाग ६

पावसाची सर नुकतीच ओसरली होती. लोणी काळभोरला सोलापूर रस्त्याच्या कडेला, जिथून तेल डेपोंचे टँकर ये-जा करतात तिथे, एका डबक्यात डिझेलचे दोन-चार थेंब पसरले होते. त्यावर जांभळी, निळी, हिरवी, पिवळी कडी उमटली होती. यांतला जांभळा-निळा ना डिझेलमध्ये असतो, ना पाण्यात. मग तो आला कुठून?

मागच्या भागात आपण रामदऱ्याच्या तळ्यात दोन खडे टाकले होते. दोन्हींची वर्तुळं एकमेकांत शिरली. माथ्यावर माथा आला तिथे पाणी जास्त उचललं गेलं. माथ्याला खळगा भेटला तिथे ते जवळजवळ हललंच नाही. लहरींच्या या बेरीज-वजाबाकीला व्यतिकरण म्हणतात. प्रकाशही असाच वागतो आणि पातळ पापुद्र्यांवरचे रंग त्यातूनच येतात, हे थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये मांडलं.

आता डबक्याकडे वाकून पाहू. ढगाळ आकाशाचा पांढरा प्रकाश तवंगावर पडतो. थोडा वरच्या पृष्ठभागावरूनच परततो. थोडा तेलात शिरून खालच्या पाण्यावर आपटून परततो. दुसऱ्याची वाट किंचित लांब. शिवाय वरून परतणारी लहर उलटते, म्हणजे माथ्याचा खळगा होतो. खालची उलटत नाही. वाटेतला फरक आणि ही उलटापालट मिळून ठरतं की डोळ्यापर्यंत येताना दोघी एकमेकींना बळ देणार की एकमेकींना छेद देणार.

लाल प्रकाशाची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर, निळ्याची ४५०. (एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर.) त्यामुळे एकाच जाडीला एक रंग उठावतो आणि दुसरा मंद पडतो. तवंगाची जाडी जागोजागी बदलते, म्हणून रंगही बदलतात. नकाशात समान उंचीच्या रेषा असतात, तशी ही कडी म्हणजे समान जाडीच्या रेषा. खालचं काळं डांबर उरलेला प्रकाश गिळतं, म्हणून रंग इतके खुलतात.

मिसळीच्या तर्रीवरही तेलाचाच तवंग असतो, मग तिथे इंद्रधनुष्य का नाही? कारण तो फार जाड असतो. डबक्यातला तवंग केसाच्या शंभराव्या हिश्शाहून पातळ असतो. जाड थरात असंख्य तरंगलांब्या एकदमच उठावतात आणि त्यांची सरमिसळ होऊन वेगळा रंग उरत नाही.

तवंगात वजाबाकी अर्धवटच होते, कारण खालून परतणारी लहर दुबळी असते. पुरती वजाबाकी घरी पाहता येते. साबणाच्या दाट पाण्यात बांगडी बुडवा आणि काळ्या कापडासमोर उभी धरा. पाणी खाली ओघळतं, वरचा पडदा पातळ होत जातो. आधी रंगीत पट्टे सरकतात, मग वरच्या टोकाला काळा पट्टा येतो. तिथे भोक पडल्यासारखं वाटतं, पण पडदा शाबूत असतो! तो इतका पातळ झालेला असतो की वाटेतला फरक उरतच नाही. उरते ती फक्त उलटापालट, आणि दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. प्रकाशात प्रकाश मिळवला आणि हाती काळोख आला. प्रकाश मात्र नाहीसा झालेला नाही. परतायचा तो पडद्यातून पलीकडे गेला.

वाटेतल्या फरकाचा हाच हिशोब नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर चालतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. एकाच दूरच्या दीर्घिकेची रेडिओलहर प्रत्येकीपर्यंत किंचित मागेपुढे पोचते. त्या लहरी एकमेकींशी ताडून पाहिल्या की आकाशाचं चित्र उमटतं. डबक्यात लहरींच्या मागेपुढे होण्यातून तेलाची जाडी वाचता येते, खोडदला दीर्घिकेची जागा आणि आकार.

बांगडीचा प्रयोग या आठवड्यात नक्की करून पाहा, शक्यतो घरातल्या मुलांना जवळ बसवून. काळा पट्टा आला की पडदा फुटायच्या आत बोट दाखवून सांगा: इथेही प्रकाश आला होता.

पुढच्या भागात खोडदच्या अँटेनांपाशी जाऊ.