लिथियम बॅटरी : चार्जरची पारख हवी

माल पोहोचवण्यासाठी विजेची स्कूटर किंवा तिचाकी घेणारे दुकानदार आणि कारागीर बांधव आता पुष्कळ आहेत. संध्याकाळी बॅटरी काढून आत आणायची, कारखान्यातच चार्जिंगला लावायची आणि झोपी जायचे, अशी रीत पडली आहे. शेजारी कापडाचे तागे आणि वर पोटमाळ्यावर झोपलेले कारागीर असतात. या रीतीबद्दल चार गोष्टी सांगणे जरुरीचे वाटते.

लिथियम बॅटरी म्हणजे अनेक लहान सेलची माळ होय. नेहमीच्या लिथियम-आयन सेलची भरण्याची मर्यादा ४.२ व्होल्ट, तर फॉस्फेट जातीच्या सेलची ३.६५ व्होल्ट असते. मर्यादेपलीकडे भरल्यास सेल तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. एक पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो.

खरी गफलत बाजारातील नावात आहे. १३ सेलची साधी लिथियम-आयन बॅटरी आणि १६ सेलची फॉस्फेट बॅटरी, दोन्ही '४८ व्होल्ट' म्हणूनच विकल्या जातात. पहिली ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते, दुसरी ५८.४ व्होल्टला. दुसरीचा चार्जर पहिलीला लावला तर प्रत्येक सेलवर जवळजवळ साडेचार व्होल्ट येतात. अ‍ॅसिडच्या बॅटरीचा जुना चार्जरही ५७ ते ५९ व्होल्टपर्यंत जातो. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, असे मुळीच नाही. वार आणि मीटर लांबून सारखेच दिसतात. हजार मीटरच्या सौद्यात फरक किती पडतो, हे आपणास सांगायला नको! म्हणून चार्जरवर छापलेला आउटपुट व्होल्टचा आकडा बॅटरीवरील चार्जिंग व्होल्टच्या आकड्याशी ताडून पाहावा. बॅटरीवर आकडाच नसेल तर असा माल घेऊ नये.

बॅटरीत बीएमएस नावाचे सर्किट असते. भरणा जास्त झाला की ते वीज तोडते. पण तो शेवटचा पहारेकरी आहे, त्याच्या भरवशावर चुकीचा चार्जर लावणे शहाणपणाचे नाही. दुरुस्तीच्या वेळी कोणी हे सर्किट वगळून जोडणी करून देत असेल, तर बॅटरी त्याच्याकडून उचलून आणावी.

उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. ४५ अंशांवर तापलेला सेल भरणे घातक असते. अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्यावी.

जागेचा प्रश्न त्याहून मोठा. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबाद येथे तळाशी विजेच्या स्कूटरचे शोरूम असलेल्या इमारतीत आग लागली. धूर वरच्या हॉटेलात शिरला आणि ८ माणसे दगावली. म्हणून जिन्याखाली किंवा एकुलत्या दरवाजापाशी बॅटरी कधीही लावू नये. कारागिरांचा जीव मालकाकडे अमानत आहे. जागे असतानाच, फरशीवर, तागे आणि चिंध्यांपासून दूर, मोकळ्या हवेत चार्जिंग करावे. अल्लाह न करो, धूर निघाला तर आधी माणसे बाहेर काढावीत आणि १०१ वर फोन करावा. बॅटरी उचलायला कोणी धावू नये.

फुगलेली किंवा पडून चेपलेली बॅटरी पुन्हा भरू नये, भंगारातही टाकू नये. ती विक्रेत्याकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.