ठिणगीची वेळ: पद्मिनीच्या नव्याने बांधलेल्या इंजिनाचे टायमिंग

पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडी आधी पडावी लागते. पेटलेले मिश्रण एका क्षणात जळत नाही. प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पसरायला ज्योतीला काही मिलिसेकंद लागतात. पिस्टन टोकावरून परतल्यावर, क्रँक साधारण १५ अंश पुढे गेलेला असताना दाब सर्वाधिक झाला, तर इंजिनाची पुरी ताकद चाकांपर्यंत पोहोचते. ठिणगी टोकाच्या किती अंश आधी पडावी हे नेमून देणे म्हणजे टायमिंग लावणे.

वेग वाढला की हे अंश वाढवावे लागतात. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात साडेचार अंश फिरतो, ३००० फेऱ्यांवर १८ अंश. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये यासाठी स्टिअरिंगखाली तरफ असे आणि चालक ती हाताने सरकवत असे. पुढे हे काम प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांकडे आले: वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि ठिणगी आणखी आधी पाडतात. मेकॅनिकने लावायची ती फक्त सुरुवातीची वेळ. मात्र तीच चुकली तर पुढच्या प्रत्येक वेगावर तेवढीच चूक राहते.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली पद्मिनी हे काम समजून घ्यायला उत्तम गाडी आहे. वालचंद हिराचंद यांच्या या कंपनीने फियाट ११०० भारतात बनवली आणि तिचेच पुढचे नाव पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांकडच्या गाड्यांची इंजिने मात्र अजून उघडली आणि बांधली जातात. १०८९ सीसीच्या या चार सिलिंडरच्या इंजिनात बॅटरी, कॉइल आणि पॉइंट अशी जुनी रचना आहे. चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी विकसित केलेल्या पद्धतीचाच हा वंश. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगला ठिणगी मिळते.

टायमिंग हे इंजिनबांधणीतले शेवटचे काम. टायमिंग चेनच्या खुणा जुळलेल्या, टॅपेट लावलेले, नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवलेले, एवढे आधी झालेले असावे लागते. पॉइंटची फट फिलर गेजने आधीच पक्की करायची. ती अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते; नेमका आकडा डिस्ट्रिब्युटरच्या बनावटीप्रमाणे पाळावा. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते. म्हणून टायमिंग लावून झाल्यावर फटीला हात लावला, तर सारे काम पुन्हा करावे लागते.

पहिली पायरी म्हणजे एक नंबरचा, रेडिएटरकडचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकावर आणणे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो. त्यातली एकच वेळ ठिणगीची. सगळे प्लग काढून एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचे. हवा अंगठ्याला ढकलू लागली की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. दुसरी वेळ धरली तर डिस्ट्रिब्युटर उलटा बसतो. इंजिन सुरू होत नाही आणि कार्बोरेटरमधून भडका येतो.

नव्याने बांधलेल्या इंजिनात क्रँकच्या पुलीवरच्या टोकाच्या खुणेवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण पुली किंवा पुढचे कव्हर दुसऱ्या इंजिनाचे असू शकते. खात्रीसाठी प्लगच्या भोकात आत थोडा उतरणारा अडथळा बसवतात. इंजिन हाताने, जोर न लावता, एका दिशेने पिस्टन अडेपर्यंत फिरवून पुलीवर खूण करायची. मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरी. दोन्हींचा नेमका मध्य म्हणजे खरे टोक.

अडथळा काढून पुली मॅन्युअलमधल्या अंशांवर, म्हणजे टोकाच्या आधी, आणून ठेवायची आणि डिस्ट्रिब्युटर त्याच्या जागी उतरवायचा. गिअरचे दात तिरके असल्याने तो बसताना त्यातला फिरता भाग, म्हणजे रोटर, थोडा फिरतो. तेवढा हिशेब आधीच धरावा, म्हणजे बसल्यावर रोटर एक नंबरच्या वायरकडे राहतो. बाकीच्या वायरी रोटरच्या दिशेने १-३-४-२ या क्रमाने लावायच्या.

आता छोटा बल्ब लागतो. त्याचे एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरे बॉडीला. स्विच चालू करून डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेने थोडा मागे न्यायचा. पॉइंट मिटले की बल्ब विझतो. मग उलट दिशेने सावकाश फिरवायचा. बल्ब लागला तो क्षण पॉइंट उघडल्याचा, म्हणजे ठिणगीचा. तिथेच क्लॅम्प आवळायचा.

नव्या इंजिनाला ही नेमकी सुरुवात फार मोलाची असते. बांधताना बेअरिंग आणि कॅमला लावलेले तेल स्टार्टर बराच वेळ मारत राहिल्याने पुसले जाते. नवा कॅम आणि टॅपेट असतील तर इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू होऊन काही काळ वरच्या वेगावर चालावे लागते. टायमिंग शोधत बसायला तेव्हा वेळ नसतो.

इंजिन गरम झाल्यावर टायमिंग लाइटने आयडलवर तपासणी करायची. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून तिचे तोंड बंद करावे. वेग वाढवल्यावर पुलीवरची खूण सलगपणे सरकली पाहिजे. ती अडखळली तर वजने किंवा स्प्रिंग तपासावेत.

शेवटची परीक्षा रस्त्यावर, चढावर टॉप गिअरमध्ये. टक्‌टक् असा धातूचा आवाज आला तर टायमिंग जास्त पुढे आहे आणि त्याने पिस्टनला इजा होते. गाडी मंद चालत असेल, इंजिन तापत असेल आणि सायलेन्सरचा पाइप जास्त गरम होत असेल, तर ते मागे आहे. अशा वेळी एकदोन अंशांचाच बदल करून पुन्हा पाहावे. बदल त्याहून मोठा लागत असेल, तर दोष डिस्ट्रिब्युटरच्या कोनात नसतो. फट, चेनच्या खुणा किंवा कार्बोरेटर यांच्याकडे परत जावे.