वर्गात मूल जखमी झाले, तर जबाबदार कोण?

प्रयोगशाळेत आम्लाने हात भाजतो, मोडक्या बाकाचा खिळा पायात घुसतो, शिक्षक वर्गाबाहेर असताना धक्काबुक्कीत दात पडतो. अशा वेळी शाळेचे पहिले उत्तर बहुधा ‘अपघात होता’ असेच असते. कायद्यापुढे एवढ्याने भागत नाही. धोका आधी दिसण्याजोगा होता का आणि तो टाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली होती का, हे दोन प्रश्न न्यायालय विचारते. धावता धावता अडखळून पडलेल्या मुलासाठी शिक्षक सहसा दोषी ठरत नाही. मात्र खिळ्याची तक्रार आधीच झालेली असेल, तर शाळेची बाजू लंगडी पडते.

शाळेच्या वेळेत शिक्षकाने पालकासारखी काळजी घ्यावी, ही अपेक्षा जुनी आहे. मुले जितकी लहान, तितकी देखरेख अधिक हवी. १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची मुले सहलीला गेली असता बियास नदीत १४ विद्यार्थी बुडाले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. चूक सोबतच्या शिक्षकांची, आपली नव्हे, हा व्यवस्थापनाचा बचाव टिकला नाही. कामावर असलेल्या शिक्षकाच्या हयगयीची भरपाई संस्थेलाही द्यावी लागते.

फौजदारी जबाबदारी मात्र व्यक्तीची. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ नुसार जिवाला धोका पोचवणाऱ्या बेदरकार वा निष्काळजी कृत्यातून गंभीर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत, तर कलम १०६ नुसार निष्काळजीपणातून मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छडीचा विषय वेगळा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवरच बंदी घातली असल्याने तेथे अपघाताचा बचाव उरत नाही. गोव्यात २००३ च्या बालकायद्याखाली प्रकरण बाल न्यायालयातही जाऊ शकते.

सहलीपूर्वी पालकांकडून घेतल्या जाणाऱ्या ‘शाळा जबाबदार राहणार नाही’ अशा संमतिपत्रांवर शाळांचा भलताच विश्वास दिसतो. पालकाच्या सहीने निष्काळजीपणा माफ होत नाही. उलट भीतीपोटी प्रयोगच बंद करणाऱ्या शाळा मुलांचे दुसरे नुकसान करतात. चष्मे, हातमोजे आणि जागेवर हजर शिक्षक एवढ्याने बरेच साधते.

दुखापत झाल्यास पालकांनी त्याच दिवशी वैद्यकीय नोंद करून घ्यावी, मुख्याध्यापकांना लेखी कळवून पोच घ्यावी आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करावी. हे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते.