वर्दीचीही तक्रार करता येते!

बर्डीवरून रात्री घरी येताना पोलिसाने अडवलं आणि चालान करायचं सोडून थप्पड लगावली. मित्र म्हणतात, ‘जाऊ दे ना बे!’

जाऊ देऊ नका. छातीवरच्या पट्टीवरचं नाव, वेळ, ठिकाण मोबाइलमध्ये लिहून ठेवा. लागलं असेल तर मेयो किंवा मेडिकलमध्ये तपासून घ्या, कागद जपा. मग पोलीस आयुक्तांच्या नावे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

बेकायदा अटक, गंभीर मारहाण, पैसे उकळणं असं काही असेल तर पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तसा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये ते कायद्यात आणलं. ठाण्यात घडलं असेल तर सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवण्याची मागणी तक्रारीतच करा.

उद्यावर ढकललं की नाव विसरतं. म्हणून आधी लिहा, मग झोपा.