लाल विटांमागचे लील

उत्तर फ्रान्समधले लील हे सूतगिरण्यांचे शहर. तिथे जाण्यापूर्वी माझ्या डोळ्यांसमोर धूर, काजळी आणि करडे आकाश एवढेच होते. आकाश करडेच निघाले, शहर मात्र तसे नव्हते. लाल विटा, पांढुरका दगड, मधूनच हिरवी चकाकी. हे रंग आले कुठून, याचा माग काढत मी शहर पाहिले.

पहिले उत्तर जमिनीत आहे. या सपाट मुलखात चिकणमाती मुबलक आहे आणि तिच्यातले लोह भट्टीत लाल होते. लेझेन गावच्या खाणींतून मऊ पांढरा दगड मिळे. सतराव्या शतकातल्या गवंड्यांनी दोहोंचे आडवे पट्टे आलटूनपालटून रचले आणि तीच शहराची खूण झाली.

दुसरे उत्तर व्यापारात आहे. फ्लँडर्सवर स्पेनची सत्ता असताना, १६५२-५३मध्ये, ज्युलियाँ देस्त्रे याने मधल्या चौकाभोवती एकसारखी २४ घरे बांधली. हा जुना व्यापारी बाजार, ‘व्हिएय बूर्स’. पुढे १६६७मध्ये चौदाव्या लुईने शहर जिंकले, तरी दर्शनी भिंतींवरची फ्लेमिश हौस पुसली गेली नाही. चौकात आता जुनी पुस्तके विकली जातात.

तिसरे उत्तर उद्योगात. पॅरिसच्या मेट्रोची प्रवेशद्वारे घडवणाऱ्या हेक्तोर गिमार याने १८९८ ते १९०० या काळात इथल्या क्वालिओ नावाच्या व्यापाऱ्यासाठी घर बांधले. व्यापारी सिरॅमिकचा, म्हणून दर्शनी भिंत हिरवट मीना चढवलेल्या लाव्हा दगडाची. घर हीच दुकानाची पाटी!

इथवर मी खूश होतो. मग वाझेम या कामगारवस्तीत एका अरुंद बोळात शिरलो. रस्त्याकडच्या घरांच्या पोटातून जाणारा तो बोळ मागच्या अंगणात उघडतो. समोरासमोर दोन ओळींत चिमुकली घरे. यांना ‘कुरे’ म्हणतात. गिरणी कामगारांची कुटुंबे इथे राहत; पाण्याचा पंप आणि संडास सर्वांत मिळून. वीट तीच, फक्त ती मिरवण्यासाठी नव्हती.

त्याआधीची स्थिती याहून वाईट. सें-सोव्हर भागात माणसे तळघरांत राहत. १८५१मध्ये व्हिक्टर ह्यूगो ती पाहायला आला आणि हादरून गेला. ‘इंटरनॅशनल’ या कामगारगीताला पिएर द गेतेर याने १८८८मध्ये चाल दिली तीही याच शहरात, हा मला योगायोग वाटत नाही.

पहिल्या महायुद्धात जुने नगरभवन जळाले. नवे बांधताना एमिल द्युब्विसों या वास्तुरचनाकाराने जागा घेतली ती याच सें-सोव्हरमध्ये. १९३२मध्ये पुरा झालेला त्याचा १०४ मीटरचा घंटामनोरा आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. एके काळी जिथे माणसे जमिनीखाली राहत, तिथेच शहराने आपले उंच शिखर उभारले. यात प्रायश्चित्त होते की केवळ मोकळी जागा, हे इमारत सांगत नाही.

परतताना मी पुन्हा व्हिएय बूर्सपाशी थांबलो. भिंती तितक्याच देखण्या होत्या. पण आता शहराचे रंग वर्णन करताना मी त्या बोळाचेही नाव घेतो. तो वगळला, तर लीलचे वर्णन अर्धेच राहते.